हातचा

टूवूम्बातल्या बोलिंग क्लबची मागची खोली.
आम्ही एकोणीस जण, त्यातल्या दोघांना ऑक्सिजनची नळी.
बिस्किटं मोजून आणलेली.
मोजायची सवय आमच्यातल्या कुणाचीच सुटली नाही.

विषय क्रमांक चार : अध्यक्षांनी हिशेब सादर करणे.
अकरा वर्षं हे वाक्य पत्रिकेत छापलं जातं,
आणि अकरा वर्षं त्या वाक्याशी पोचायच्या आत
कुणीतरी क्लॅरीसाठी टाळ्या वाजवतं.

टाळ्या खोट्या नव्हत्या.
बिशपच्या चकचकीत टेबलावर स्वतःचे लहानपणचे बूट ठेवून
‘हे तीन वर्षं घातले, पाय मात्र वाढत होते’
असं म्हणणारा क्लॅरी डनवूडी एकटाच.
त्या दिवशी आम्हाला कळलं, आपल्यालाही आवाज आहे,
तो क्लॅरीच्या घशात ठेवलाय, एवढंच.

यंदा मी उठले.
म्हटलं, दगडाचं काय झालं?
हॅझलडीनच्या टेकडीमागे बिनखुणेचे पुरलेले सात,
त्यांच्या दगडासाठी जमलेले नऊ हजार चारशे.
त्यात माझे साठ. इस्त्रीचे.

मागून कुणीतरी पुटपुटलं, ‘चहाडखोर.’
साठ वर्षांनी ऐकला, तरी ताजा शब्द.
आम्हाला वाढवणाऱ्यांनी कधी हिशेब दिला नाही.
माझी फाइल मागितली तर चौदा पानं आली,
नऊ काळ्या शाईनं भरलेली.
म्हणून जाब विचारायचा तो त्यांना,
आपल्यातल्याला नाही,
असं मीही चहा पिईपर्यंत मानत होते.

क्लॅरी चिडला नाही. चष्मा पुसला.
म्हणाला, ‘एकतीस, खाली बस.’

एकतीस.
चादरीच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याचा,
टूथब्रशच्या दांड्यावर तापल्या तारेनं कोरलेला.

आणि मी बसले.
नातवंडं असलेली बाई, गुडघे माझ्याआधी वाकले.
किटलीपाशी उभे होते तेही बसले.
नोरीननं दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले,
नखं तपासायला.

आपण काय बोललो ते
सगळ्यात शेवटी क्लॅरीला ऐकू आलं.
तो उभाच राहिला.
त्याला बस म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं.

आयव्हर कधी बोलत नाही. आयव्हर म्हणाला,
‘क्लॅरन्स, हिशेब.’

पिशवीतून पत्र्याचा डबा निघाला.
लेसची शवपेटी. डॉटीचा जामीन.
डॉटीचा जामीन, पुन्हा.
आयव्हरचं रेल्वेचं तिकीट, बहिणीला शोधायला, एकेरी.
नोरीनचे दात.
आणि घोड्यांच्या शर्यतीच्या तेवीस चिठ्ठ्या,
ज्यांच्या मागे काहीच लिहिलेलं नाही.

नोरीननं तोंड मिटलं.
मेलेल्या सात पोरांच्या पैशांनी ती पाच वर्षं हसत होती,
आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं.

हात वर करा म्हटलं की आम्ही करत नाही.
म्हणून कागदाचे कपटे.
दहा जणांना क्लॅरी नको, आठांना हवा, एक कोरा.

कोरा माझा.
धुलाईघराची खिडकी मी फोडली होती,
‘मी फोडली’ तो म्हणाला होता.
त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत.
बिशपसमोर तोच हात त्यानं वर धरला होता.
हे मी सभेत सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर मतं फिरली असती
की दगड फिरला असता, ठाऊक नाही.

डबा आता माझ्याकडे.
रात्री स्वयंपाकघरात बेरीज मांडते.
एकतीसशे कमी येतात. पुन्हा मांडते.
हातचा विसरू नये, असं छडी आपटत शिकवलं होतं.
विसरत नाही.
तो कुठल्या रकान्यात धरायचा, हेच कळत नाही.

उद्या दगडवाल्याला फोन करायचाय.
अक्षरामागे पैसे घेतो म्हणे.
पाच नावं आहेत माझ्यापाशी.
सहावा सोळा.
सातवा, बहुतेक, बेचाळीस.